बालवाडीतली मुलं आणि मोबाइल: पालकसभेत नेमकं काय सांगावं?

बालवाडीताई

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातली बालवाडी आहे, मुलं दीड ते साडेतीन वर्षांची. जूनमध्ये पालकसभा आहे आणि विषय ठरलाय मोबाइल. "मुलांना मोबाइल देऊ नका" हे पालकांनी इतक्यांदा ऐकलंय की माना डोलावतात आणि फाटकाबाहेर पडताना पोराच्या हातात फोन देतात. म्हणून भाषण नकोय, कारणांसकट कृती हवी आहे.

वर्गात दिसतं ते असं:

डबा उघडला की निम्मी मुलं घास गालात धरून बसतात, चावतच नाहीत. घरी व्हिडिओ लावून भरवलेलं असतं.

काही मुलं इंग्रजीतून रंग, एबीसी, वीसपर्यंत आकडे घडाघडा म्हणतात, पण तहान लागली की ताईचा हात धरून माठापाशी ओढत नेतात. "पाणी" हा शब्द येत नाही.

चित्रांच्या पुस्तकाचं पान उलटायचं सोडून त्यावर बोट सरकवतात. खडू मुठीत धरतात, दोन रेघा मारून टाकून देतात.

पालकांचे प्रश्न ठरलेले आहेत. रोज किती वेळ चालेल? बालगीतं तर शिकण्यासाठीच ना? उशिरा बोलतोय तो मोबाइलमुळेच, मग बंद केला की बोलेल ना? आणि सगळ्यात मोठा: बंद केला तर जेवणारच नाही, त्याचं काय?

जाणकारांनी सांगावं.

---

वाक्_चिकित्सा

ताई, तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्यात सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. "मोबाइलमुळे बोलत नाही" हे निदान नव्हे. मूल उशिरा बोलत असेल तर पहिली गोष्ट श्रवण तपासणी, मग बाकी सगळं. सर्दी-कानदुखी वारंवार होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं. अशा मुलाला आवाज येतो, पण दबका. दार आपटलं तर ते दचकतं, म्हणून घरचे म्हणतात "ऐकू तर छान येतं". "स" आणि "श", "त" आणि "थ" यातला फरक मात्र त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

तपासण्या तीन: ओएई (आतल्या कानाचा प्रतिसाद बघणारी), बेरा (ऐकण्याच्या नसेचा प्रतिसाद बघणारी) आणि मधल्या कानासाठी टिम्पॅनोमेट्री. नुसती ओएई "पास" आली म्हणून थांबू नका, कारण ती कानाच्या आतल्या पेशींपर्यंतच सांगते, पुढच्या नसेचं नाही. बेराच्या वेळी मूल झोपलेलं लागतं. त्या दिवशी त्याला पहाटे उठवा आणि प्रवासात डुलकी काढू देऊ नका, नाहीतर तिथे टक्क जागं राहतं आणि फेरी फुकट जाते.

केव्हा काळजी करायची, हे पालकांना वयाप्रमाणे सांगा.

१२ महिने: नावाला वळून बघतं का? हवं त्याकडे बोट दाखवतं का? टाटा करतं का?
१८ महिने: अर्थाने वापरलेले काही सुटे शब्द.
२४ महिने: साधारण ५० शब्द, आणि दोन शब्द जोडणं. "आई ये", "दूध नको".
३ वर्षे: बाहेरच्या माणसालाही बरंचसं बोलणं कळावं.
आणि कुठल्याही वयात येत असलेले शब्द गेले, तर वाट बघायची नाही.

शब्द मोजताना गफलत होते. "भूभू", "मंमं", "गेला" हे सगळे शब्द धरायचे. एबीसीची माळ धरायची नाही. पालकांना एक कागद द्या आणि सांगा की गेल्या आठवड्यात मुलाने स्वतःहून, काहीतरी मागायला, नाकारायला किंवा दाखवायला वापरलेले शब्दच लिहा. "दीडशे शब्द येतात" म्हणणाऱ्यांच्या कागदावर बऱ्याचदा दहा-बारा उतरतात. तुमच्या माठापाशी ओढत नेणाऱ्या मुलांचं हेच आहे: पाठ भरपूर, वापर शून्य.

आता बालगीतांचं. अमेरिकेत भाषा-संशोधक पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ९ महिन्यांच्या, घरी इंग्रजी ऐकणाऱ्या बाळांशी मँडरिन (चिनी) बोलणारी माणसं खेळली, त्यांनी पुस्तकं वाचली. एकूण १२ बैठका, प्रत्येकी सुमारे २५ मिनिटांच्या. त्या बाळांना मँडरिनमधले ध्वनी वेगळे ओळखू यायला लागले. तोच मजकूर, तीच माणसं, पण टीव्हीवर दाखवली तेव्हा काहीच फरक पडला नाही. नुसता आवाज ऐकवला तेव्हाही नाही. माणूस बाळाच्या नजरेकडे बघून थांबतो, बाळ जिथे बघतंय त्याचं नाव घेतो, बाळाने हूं केलं तर उत्तर देतो. व्हिडिओ बाळ झोपलं तरी गातच राहतो.

इंग्रजी-मराठीचा मुद्दा इथे आणू नका. दोन भाषा कानावर पडल्याने मूल उशिरा बोलत नाही. उत्तर देणारं कोणी नसणं हा प्रश्न आहे.

घरी करायच्या गोष्टी, रोज दहा-दहा मिनिटं दोनदा, आंघोळ किंवा कपडे घालताना:

प्रश्नांचा मारा बंद. "हे काय? हा कुठला रंग?" ही परीक्षा झाली. त्याऐवजी दिसतंय ते बोला: "मोजा घातला. दुसरा कुठंय?"

बोलून झालं की मनात पाचपर्यंत मोजा. मोठ्यांना हे फार जड जातं, दुसऱ्या सेकंदालाच आपणच उत्तर देतो.

मुलाच्या शब्दात एकच शब्द घाला. ते "पाणी" म्हणालं, तर "गार पाणी". लांबलचक वाक्य नको.

आवडती वस्तू पारदर्शक, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दिसते पण निघत नाही, म्हणजे मागावी लागते. आवाज, हातवारा, अर्धा शब्द, काहीही केलं की लगेच उघडून द्या. "आधी नीट म्हण" म्हणून अडवून धरलं तर पुढच्या वेळी मूल मागतच नाही.

ओळखीचं बडबडगीत म्हणा आणि ओळीचा शेवटचा शब्द गाळून त्याच्याकडे बघा.

---

डॉ_शिशू

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी जेवण, वेळ आणि झोप घेतो.

किती वेळ: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शनाप्रमाणे २ वर्षांच्या आत स्क्रीन नको, २ ते ४ वर्षांत दिवसाला १ तासाच्या वर नको आणि जितका कमी तितका बरा. आपल्याकडच्या इंडियन अॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचंही जवळपास हेच म्हणणं आहे, दोन वर्षांखाली फक्त नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल असं ते म्हणतात. पालक "एक तास" एवढंच ऐकतात आणि तो हक्काचा कोटा समजतात. ती वरची मर्यादा आहे, आणि त्यात टीव्हीही धरायचा. आजीच्या मालिका चालू असताना समोर खेळणाऱ्या मुलाचाही वेळ त्यात येतो. मूल टीव्हीकडे बघत नसलं तरी मागे आवाज चालू असताना त्याचा खेळ तुटक होतो आणि मोठ्यांचं त्याच्याशी बोलणंही कमी होतं.

जेवण. व्हिडिओ लावला की मूल तोंड उघडतं हे खरं, पण ते जेवत नसतं, त्याला भरवलं जात असतं. पोट भरल्याची जाणीव, चावण्याची हालचाल, चव, काहीच त्याच्या लक्षात येत नाही. घास गिळायला सोपा जावा म्हणून घरचे खिचडी मिक्सरमधून काढतात, मग चावायची सवयच लागत नाही, मग घट्ट काही दिलं की उलटीसारखं करतं, मग परत मिक्सर. तुमच्याकडे गालात घास धरणारी मुलं बहुतेक याच चक्रातून आलेली असतात. शिवाय हसता-रडताना किंवा लक्ष नसताना घास घशात अडकण्याचा धोका वेगळा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षं चार वर्षांपर्यंत नकोतच, व्हिडिओ असो नसो.

"बंद केला तर जेवणार नाही" या भीतीच्या मुळाशी दोन गोष्टी असतात.

एक, अपेक्षाच जास्त. १ ते २ वर्षांच्या मुलाला एका जेवणाला २५० मिलीच्या वाटीची पाऊण ते एक वाटी पुरते, अशी ३-४ जेवणं आणि मध्ये एक-दोन वेळा खाऊ. मोठ्यांच्या ताटाकडे बघून ठरवलं तर ते कायम उपाशीच वाटणार.

दोन, दूध. दिवसाला ५०० मिलीच्या वर दूध जात असेल, त्यातही रात्री बाटलीने, तर भूक लागणार कुठून? वर लोह कमी पडतं, आणि लोह कमी पडलं की भूक आणखी मरते. फिकट, चिडचिडं, माती-खडू खाणारं मूल असेल तर हिमोग्लोबिन बघून घ्या. औषधाचा डोस वजनावर ठरतो, शेजारच्या मुलाची बाटली आणू नका.

आता पद्धत:

१. आधी तीन दिवस फक्त लिहून काढा. काय, किती वाजता, दूध किती मिली, बिस्किटं किती. इथेच अर्धं उत्तर मिळतं.

२. दोन खाण्यांत अडीच ते तीन तासांचं अंतर. मध्ये फक्त पाणी. बिस्कीट, कुरकुरे, "दोन घोट दूध" काही नाही.

३. जागा एकच. खाली पाटावर किंवा खुर्चीत, पाय टेकलेले. मागे मागे फिरून भरवायचं नाही.

४. ताटात थोडंच, दोन चमचे. संपलं तर परत. एक तरी पदार्थ हातात धरता येईल असा: उकडलेल्या बटाट्याची फोड, इडलीचा तुकडा, मऊ पोळीचं टोक. सांडलवंड होणार, खाली जुनी चादर अंथरा.

५. घरातलं एक माणूस सोबत जेवायला बसलेलं हवं. हे होत नसेल तर बाकीचं फारसं चालत नाही.

६. २० ते ३० मिनिटांत ताट उचला, खाल्लं असो नसो. रागावणं नाही, विनवण्या नाहीत.

पहिले तीन-चार दिवस खाणं निम्म्यावर येतं. तेवढ्याने निरोगी मुलाला काही होत नाही. लघवी नेहमीसारखी होतेय आणि खेळतंय ना, एवढं बघा. मात्र मूल आधीच कमी वजनाचं असेल, आजारातून नुकतंच उठलं असेल, किंवा गिळताना ठसका लागत असेल, तर हा प्रयोग घरच्या घरी न करता आधी डॉक्टरांना दाखवा.

रडण्याबद्दल घरच्यांना आधीच सांगा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रडणं वाढतं. त्या वेळी ४० मिनिटांनी कोणीतरी विरघळून फोन दिला, तर मूल शिकतं की भाव ४० मिनिटांचा आहे. मग पुढच्या वेळी तेवढं रडूनच थांबतं. म्हणून घरातली सगळी माणसं तयार होईपर्यंत सुरूच करू नका. लग्नघर, प्रवास, दात येणं, ताप, या आठवड्यात तर नाहीच.

अडीच वर्षांखालच्या मुलाला "आता पाचच मिनिटं" कळत नाही. त्याला हळूहळू कमी करण्यापेक्षा एकदम बंद करणं सोपं जातं. तीनच्या पुढच्याला ठरलेली वेळ, ठरलेला एक व्हिडिओ, संपल्यावर पुढे काय ते आधी सांगितलेलं, असं चालतं.

झोप: १-२ वर्षांत दिवसाची डुलकी धरून ११ ते १४ तास, ३-४ वर्षांत १० ते १३ तास. झोपायच्या आधी तासभर स्क्रीन बंद. प्रकाशाने झोप लांबते आणि चित्रांनी मेंदू जागा राहतो, दोन्ही होतं. दुसऱ्या दिवशीच्या "हट्टीपणा"मागे पुष्कळदा नुसती अपुरी झोप असते.

---

दृष्टी६बाय६

डोळ्यांचं थोडक्यात. लहान मूल फोन वीत-दीड वीत अंतरावर धरतं, तेही गादीवर पडून. जवळचं बघणं जास्त आणि उघड्यावरचा उजेड कमी, या जोडीने लघुदृष्टीचा, म्हणजे लांबचं धूसर दिसण्याचा, धोका वाढतो. आईवडिलांना चष्मा असेल तर आणखी. चीनमध्ये ग्वांगझू इथे पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जादा मैदानावर ठेवलं. तीन वर्षांत नव्याने लघुदृष्टी आलेली मुलं त्या शाळांत ३०.४ टक्के, इतर शाळांत ३९.५ टक्के. औषध नाही, चष्मा नाही, फक्त अंगण. बालवाडीच्या वयालाही रोज दोन तास बाहेर हे धोरण ठेवा. सावलीत चालेल, घरातल्या दिव्यापेक्षा सावलीतला उजेडही कितीतरी जास्त असतो.

निळ्या प्रकाशाचे चष्मे विकत घेऊ नका, त्याने लघुदृष्टी थांबत नाही.

लगेच दाखवायची लक्षणं: डोळा तिरळा होणं, मान वाकडी करून बघणं, एक डोळा झाकला की चिडणं, फोटोत बुबुळ पांढरं चमकणं. शेवटच्यासाठी त्याच आठवड्यात जा. या वयात नंबर डोळ्यात औषध घालूनच काढावा लागतो, दुकानातल्या मशीनवर काढलेला धरू नका.

---

बालवाडीताई

डॉक्टर, "४० मिनिटांचा भाव" सभेत जसंच्या तसं वापरणार!

तीन अडचणी, सगळ्यांच्याच घरच्या. दिवसभर मूल आजी-आजोबांकडे, त्यांच्या गुडघ्यात जोर नाही, फोन हाच आधार. दुसरं, संध्याकाळी आई एकटी, गॅसवर कुकर आणि पायात मूल. तिसरं, दोन-तीन मुलांचे बाबा आखातात कामाला आहेत, रोजचा व्हिडिओ कॉल हेच त्यांचं बाबांशी नातं. तोही बंद करायला सांगायचा का?

---

वाक्_चिकित्सा

बाबांचा कॉल अजिबात बंद करू नका. समोरचं माणूस मुलाला उत्तर देतं, हा मोठा फरक आहे. दोन-अडीच वर्षांच्या मुलांवरच्या प्रयोगात थेट व्हिडिओ कॉलवरून मुलं नवीन क्रियापदं शिकली, तीच बाई आधी चित्रित करून दाखवली तर शिकली नाहीत. फक्त कॉल चांगला व्हायला हवा: इकडचं माणूस मुलाशेजारी बसलेलं, फोन हातात न देता डब्याला टेकवून उभा. बाबांनी "काय केलंस? जेवलास का?" विचारत बसण्यापेक्षा तिकडून वाटी-चमचा वाजवावा, रुमालामागे लपावं, इकडे मुलाने तेच करावं. पाच-सात मिनिटं पुरे. कॉल संपला की फोन उचलून ठेवायचा, नाहीतर बाबा गेले की व्हिडिओ सुरू, हे मुलाच्या चटकन लक्षात येतं.

स्वयंपाकाची वेळ: मूल ओट्यापासून लांब पण आईला दिसेल असं, स्वयंपाकघराच्या दाराशी. समोर एक परडी, आणि ती परडी एरवी मिळायची नाही, फक्त स्वयंपाकाच्या वेळी. त्यात पळ्या, वाट्या, झाकणं, मोठा बटाटा, कोथिंबिरीची जुडी निवडायला. रोज दोन वस्तू बदला. नाणी, बटणं, रिमोट आणि खेळण्यातले बटणासारखे सपाट सेल परडीच्या आसपासही नकोत. सेल गिळला तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते, तेव्हा शंका आली तरी थेट दवाखाना.

आजी-आजोबांना पळायला सांगायचंच नाही. बसल्या जागची कामं द्या: लसूण सोलताना बोलणं, कपड्यांच्या घड्या, खिडकीतून जाणारी-येणारी वाहनं. गाणी हवीत तर रेडिओ किंवा स्पीकर, चित्राशिवाय. मात्र तोही दिवसभर नको, त्याच्या आवाजातही घरातलं बोलणं ऐकू आलं पाहिजे.

आणखी एक, सभेत हे जरा जपून मांडा: मोठ्यांचा स्वतःचा फोन. ऑस्ट्रेलियातल्या २२० कुटुंबांचं रेकॉर्डिंग करून २०२४ साली जे प्रसिद्ध झालं त्यात तीन वर्षांच्या वयात स्क्रीनच्या प्रत्येक जादा मिनिटामागे मुलाच्या कानावर मोठ्यांचे साधारण साडेसहा शब्द कमी पडले, आणि बोलण्या-उत्तराची देवाणघेवाण जवळपास एका फेरीने घटली. त्या यंत्राने फक्त आवाज टिपले. आई-बाबा गुपचूप स्क्रोल करत बसतात तो वेळ त्यात आलाच नाही.

---

सेटिंग_सम्राट

डॉक्टरांनी तीनच्या पुढच्यांसाठी "ठरलेला एक व्हिडिओ" म्हटलंय, तो तांत्रिकदृष्ट्या असा जमवा.

ऑनलाइन लावूच नका. व्हिडिओ आधी उतरवून ठेवा, फोन फ्लाइट मोडवर टाका. संपला की संपला, खाली पुढचा दिसत नाही. सगळी भांडणं त्या "पुढच्या"वरून असतात.

यूट्यूबच लागणार असेल तर ऑटोप्ले बंद. यूट्यूब किड्समध्ये पालकांच्या सेटिंगमध्ये जाऊन फक्त स्वतः मंजूर केलेले व्हिडिओ दाखवण्याचा पर्याय निवडा. मग सर्चही बंद होतो. टायमर त्यातच आहे.

अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीच्या आत अॅप पिनिंग (फोन एकाच अॅपवर अडकवून ठेवणं) असतं, ते चालू करा आणि अनपिन करताना पिन मागण्याचा पर्याय टिकमार्क करा. हा दुसरा भाग लोक विसरतात, आणि पोरं दोन दिवसांत दोन बटणं दाबून बाहेर पडायला शिकतात. आयफोनवर तेच काम अॅक्सेसिबिलिटीमधला गाइडेड अॅक्सेस करतो, साइड बटण तीनदा दाबलं की सुरू. वेळेची मर्यादाही तिथेच.

फोनऐवजी टीव्हीवर लांबून दाखवणं बरं. डोळ्यांना अंतर मिळतं, कोणीतरी शेजारी बसू शकतं आणि टीव्ही खिशात घालून रिक्षात नेता येत नाही.

---

बालमानस

चांगली चर्चा. दोन ठिकाणी ब्रेक लावतो.

पहिलं, अभ्यासांचं वजन. जपानमध्ये ७,०९७ मुलांच्या पाहणीत (२०२३) एक वर्षाच्या वयात स्क्रीन जास्त असलेल्या मुलांत दोन आणि चार वर्षांच्या वयात संवाद आणि समस्या सोडवण्यात विलंब जास्त आढळला. कॅनडातल्या सुमारे २,४०० मायलेकरांच्या पाहणीचाही (२०१९) कल तसाच. पण दोन्ही निरीक्षणं आहेत. ज्या घरात आईला मदत नाही, पैशांची ओढाताण आहे, तिथे फोनही जास्त आणि बोलायला वेळही कमी. शिवाय चिडखोर किंवा संवादात मुळातच मागे असलेल्या मुलाला शांत करायला फोन जास्त दिला जातो. त्यामुळे "फोनने मेंदू बिघडतो" असं सभेत म्हणू नका. फोनने जागा अडवली ती कशाची, हे विचारा. ज्या घरात रोज अर्धा तास व्हिडिओ आहे पण उरलेला दिवस गप्पा, अंगण, पाहुणे यांनी भरलाय, त्या घराला धारेवर धरण्यात अर्थ नाही. तासांवरून आयांना अपराधी वाटायला लावलं की त्या पुढच्या वेळी खरे तास सांगतच नाहीत.

दुसरं, "व्हर्च्युअल ऑटिझम". स्क्रीनमुळे ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, होते अशा अर्थाने समाजमाध्यमांवर या नावाने पुष्कळ चाललंय. डीएसएम-५ या निदानाच्या अधिकृत सूचीत असं निदान नाही. स्क्रीनमुळे स्वमग्नता होते हे सिद्ध झालेलं नाही. फोन काढल्यावर काही मुलं झपाट्याने बोलायला लागतात हे खरं, कारण त्यांना संवाद मिळत नव्हता. पण ज्या मुलाला खरंच स्वमग्नता आहे, त्याचे घरचे याच नावाखाली सहा-आठ महिने "फोन बंद केलाय, बघू" म्हणत बसतात. नेमके हेच महिने उपचाराला सगळ्यात उपयोगाचे असतात.

फोन बंद करणं आणि तपासणी एकाच आठवड्यात सुरू करा. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट-आर ही २० प्रश्नांची चाळणी आहे. ०-२ गुण म्हणजे कमी धोका, ३-७ असतील तर त्याच प्रश्नांवर सविस्तर मुलाखत, ८ किंवा जास्त तर थेट तज्ज्ञांकडे. ही चाळणी आहे, निदान नाही, हे पालकांना दोनदा सांगा.

वर्गात तुम्ही बघू शकता अशी खूण: मुलाला काहीतरी आवडलं, विमान दिसलं, तर ते बोट दाखवून मग तुमच्या तोंडाकडे बघतं का? "बघ ना" अशी ती नजर. वस्तू मिळवण्यासाठी हात ओढणारं मूल आणि मजा वाटून घेण्यासाठी बोट दाखवणारं मूल, यांत फार फरक आहे. दुसरं दिसत नसेल, तर फोनचा इतिहास काहीही असो, पाठवा.

---

हातकाम_ओटी

खडूबद्दल कोणी बोललं नाही. बोट सरकवायला तळहातातले छोटे स्नायू लागतच नाहीत, अंगठा आणि बोटांचा विरोधी जोर त्यात नाही. त्या मुलांना पेन्सिल देऊन सराव करून घेऊ नका. आधी कणकेचा गोळा चिमटणं, मटार सोलणं, कपड्यांचे चिमटे ताटाच्या कडेला लावणं, बाटलीचं झाकण फिरवणं, ओला स्पंज पिळणं. आणि खडू अख्खा देऊ नका, मोडून पेराएवढा तुकडा द्या. तेवढा तुकडा मुठीत धरताच येत नाही, तीन बोटांत आपोआप येतो. कागद भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला चिकटवा, मनगट योग्य वळतं. पुस्तकांत जाड पुठ्ठ्याची पानं आधी.

---

बालवाडीताई

खूप आभार सगळ्यांचे. सभेचा क्रम असा ठरवलाय: आधी शब्दांचा कागद, मग जेवणाच्या सहा पायऱ्या, शेवटी फोनची सेटिंग तिथेच प्रत्येकाच्या हातात करून घ्यायची. शेवटचा प्रश्न: आमच्याकडे खासगी तज्ज्ञांची फी परवडणारे फार थोडे. मुलांना पाठवायचं कुठे?

---

डॉ_शिशू

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून आहेत, अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी करतात. तुमची बालवाडी खासगी असली तरी मुलाचं नाव गावातल्या अंगणवाडीत असेल तर ते त्या तपासणीला बसू शकतं. तारीख अंगणवाडी सेविकेला विचारा. पथक ज्या मुलाला पुढे पाठवतं ते जिल्हा रुग्णालयाच्या डीईआयसीमध्ये, म्हणजे शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जातं. पथकाची वाट न बघता थेट गेलं तरी चालतं. तिथे बालरोगतज्ज्ञ, वाचा उपचार, श्रवण तपासणी, फिजिओ एका छताखाली असावेत अशी रचना आहे. प्रत्यक्षात एखादं पद रिकामं असतं, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून श्रवणतज्ज्ञ कोणत्या वारी असतात ते विचारा. मुंबईच्या बाजूला असाल तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे, श्रवण आणि वाचेसाठीच.

सोबत न्यायचं: लसीकरणाचं कार्ड, जन्माच्या वेळचे कागद (बाळ काचेच्या पेटीत होतं का, कावीळ किती वाढली होती, हे हमखास विचारतात), तुमचा तो शब्दांचा कागद, आणि मूल घरी नेहमीसारखं खेळतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ. नवख्या खोलीत मूल गप्प बसतं, तेव्हा तो व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा. फक्त मुलाच्या हातात फोन देऊन रांगेत बसू नका, तपासणीच्या वेळी तो काढून घ्यावा लागतो आणि मग रडण्यातच अर्धा तास जातो.